एमटीबीनंतर पहिली रोड बाईक घेताना: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी

दोन-तीन वर्षं एमटीबी (माउंटन बाईक) चालवली की दम वाढतो, पाय तयार होतात. मग एका सकाळी पाम बीच रोडवर ड्रॉप बारवाल्यांचा, म्हणजे खाली वळलेल्या हँडलच्या रोड बाईकवाल्यांचा घोळका शेजारून सरसर पुढे निघून जातो आणि प्रश्न पडतो, एवढा जोर लावूनही आपण मागे का? कारणं साधी आहेत. गुठळ्यांचे जाड टायर, ताठ बसल्यामुळे छातीवर येणारा वारा आणि प्रत्येक पॅडलमागे थोडा जोर खाणारं पुढचं सस्पेन्शन. खरा गोंधळ पुढे, दुकानात सुरू होतो.

मी ठाण्यात राहतो. एमटीबीवरून रोड बाईकवर आलो आणि त्यानंतर मित्र, शेजारी, नातेवाईक अशा बऱ्याच जणांबरोबर त्यांची पहिली रोड बाईक बघायला गेलो. त्यातून एक गोष्ट मनात पक्की झाली: ज्या गोष्टी नंतर बदलता येत नाहीत त्या आधी बघायच्या. फ्रेमचा साइज, टायरला मिळणारी जागा आणि ब्रेकचा प्रकार या तिन्ही गोष्टी घेताना ठरल्या की ठरल्या. सीट, टायर, स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा), पॅडल, कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) हे सगळं पुढे सवडीने बदलता येतं. दुकानात मात्र बोलणं सुरू होतं ते वजन, रंग आणि गिअरच्या नावापासून. म्हणून या लेखातला क्रम मुद्दाम वेगळा आहे.

१. आधी आहे त्या एमटीबीला स्लिक टायर लावून बघा

पन्नास-साठ हजार खर्च करण्याआधी थोड्या पैशांत हा प्रयोग होतो. एमटीबीच्या टायरच्या बाजूवर ५४-५५९ असा एक आकडा छापलेला असतो. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा रिमचा व्यास. ५५९ म्हणजे २६ इंची चाक, ५८४ म्हणजे २७.५ आणि ६२२ म्हणजे २९. (रोड बाईकचं ७००सी चाकही ६२२चंच असतं, म्हणजे २९ इंची एमटीबी आणि रोड बाईक यांच्या रिमचा व्यास एकच.) दुसरा आकडा जुळणारे दीड ते पावणेदोन इंची गुळगुळीत टायर घ्या, टायरवर लिहिलेल्या मर्यादेत हवा भरा, फोर्कला लॉकआउट (सस्पेन्शन बंद करायची कळ) असेल तर तो लावा आणि महिनाभर डांबरावर चालवा.

महिन्यानंतर दोनपैकी एक होतं. कोपरीहून ऐरोलीला किंवा घणसोलीला ऑफिसला जाण्यापुरतीच सायकल हवी असेल, तर बऱ्याच जणांचं एवढ्यावर भागतं आणि पैसे वाचतात. पण तासाभरानंतर सरळ बारवर मनगटं अवघडत असतील, हाताची जागा बदलावीशी वाटत असेल आणि वाऱ्यापुढे वाकावंसं वाटत असेल, तर तुम्हाला खरोखर रोड बाईक हवी आहे. मग पुढे वाचा.

२. तुम्ही कुठे चालवणार ते कागदावर लिहा

लिहाच, कारण मनात ठेवलं की माणूस लोणावळ्याचा बोरघाट आणि गोवा धरून चालतो आणि प्रत्यक्षात आठवड्यातले चार दिवस वसंत विहार ते उपवन करतो. आपल्याकडचे रस्ते एकसारखे नाहीत. पाम बीच सपाट आणि गुळगुळीत. ठाणे-बेलापूर रोडवर ट्रकांची वर्दळ आणि काँक्रीटचे सांधे. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामांमुळे कुठे खडी, कुठे लोखंडी प्लेट, आणि गायमुखचा चढ. येऊरचा रस्ता लहान पण सलग चढाचा, पावसाळ्यात शेवाळ आणि पानांनी निसरडा. पनवेलच्या पुढे कर्नाळ्याकडे गेलात तर महामार्गाचा वेग आणि रस्त्याच्या कडेची वाळू.

रोड बाईकमध्ये मुख्यतः तीन घराणी. रेस बाईक, जिच्यावर तुम्ही लांब आणि खाली वाकून बसता. एन्ड्युरन्स बाईक, जिचा बार थोडा वर आणि जवळ असतो आणि टायरला जागा जास्त असते. तिसरी ग्रॅव्हल, ड्रॉप बारचीच पण ३५-४० मिलिमीटरचे टायर घेणारी.

माझं मत स्पष्ट आहे. एमटीबीवरून येणाऱ्या आणि आपल्या रस्त्यांवर चालवणाऱ्या माणसाने पहिली बाईक एन्ड्युरन्स घ्यावी. मुरबाड-कर्जतकडच्या गावरस्त्यांचा नाद असेल आणि घरात एकच सायकल ठेवायला जागा असेल तर ग्रॅव्हल. रेस बाईक दुसरी म्हणून घ्या, पहिली म्हणून नको. ट्रेकची डोमाने, जायंटची कन्टेंड, डेकॅथलॉनची ट्रायबन ही एन्ड्युरन्स बसणीची नावं दुकानात ऐकू येतील. नावावर जाऊ नका, खालच्या पायऱ्यांनी तपासा.

३. फ्रेमचा साइज

एमटीबी मीडियम बसते म्हणून रोड बाईकही मीडियम बसेल असं धरू नका. एमटीबीचा बार रुंद आणि सरळ, स्टेम आखूड. रोड बाईकचा बार खांद्याएवढाच रुंद, आणि हात हूडवर (ब्रेक लिव्हरच्या रबरी मुठीवर), म्हणजे बारच्याही पुढे जातात. त्यामुळे दोन्ही सायकलींच्या फ्रेमचे आकडे एकमेकांशी ताडून काहीच कळत नाही.

घरीच एक माप घ्या. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, पायांत वीतभर अंतर. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक मांड्यांमध्ये, सीटवर बसल्यासारखा दाब येईपर्यंत वर ओढा. पुस्तक भिंतीला काटकोनात आहे ना हे दुसऱ्याला बघायला सांगा आणि वरच्या कडेला पेन्सिलीने खूण करा. जमिनीपासून त्या खुणेपर्यंतचं अंतर म्हणजे तुमचा इनसीम. याला ०.८८३ ने गुणलं की सीटची उंची मिळते, क्रँकच्या (पॅडलचे दांडे जोडलेल्या भागाच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत. इनसीम ८० सेंटिमीटर असेल तर सीट ७०.६ वर. हे गणित १९८६, १९८९ आणि १९९० अशी तीनदा तूर द फ्रान्स जिंकलेल्या सायकलपटू ग्रेग लेमाँडमुळे प्रसिद्ध झालं. ते अंतिम नाही, पण सुरुवात करायला चांगलं आहे.

सीटची उंची पायांचं काम करते. हातांचं आणि पाठीचं काम करतात दुसरे दोन आकडे: स्टॅक आणि रीच. क्रँकच्या मध्यापासून हेड ट्यूबचा (फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीचा) माथा किती वर आहे तो स्टॅक, किती पुढे आहे तो रीच. प्रत्येक कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलखाली तक्ता असतो. स्टॅकला रीचने भागा. उत्तर दीडच्या आसपास किंवा वर आलं तर बसणं आरामाचं, १.४च्या जवळ आलं तर रेसचं. उदाहरणार्थ स्टॅक ५६५ आणि रीच ३७५ असेल तर १.५१. दोन मॉडेलांमध्ये अडकला असाल तर हा एक भागाकार दुकानदाराच्या अर्ध्या तासाच्या बोलण्यापेक्षा जास्त सांगतो.

आता सापळा. दुकानात तुमचा साइज नसतो, पण एक मोठा शिल्लक असतो. माझी मावसबहीण नेरुळला राहते, उंची पाच फूट एक इंच. एका दुकानात तिला ५४ सेंटिमीटरची फ्रेम दाखवली. "ताई, सीट थोडी खाली घेतली की बरोबर बसतंय." सीट खाली घेतली, पाय पोचले, आणि ती हूडवर हात ठेवायला गेली तर कोपर पूर्ण ताठ, खांदे कानाला लागलेले. सीट खाली केल्याने पायांचा प्रश्न सुटतो, लांबीचा सुटत नाही. अशी सायकल तासाभरात मान आणि तळहात धरते. सीट पुढे सरकवून किंवा एकदम आखूड स्टेम लावून ही चूक झाकली जाते. तसं होऊ देऊ नका. तिने तीन आठवडे थांबून एक्सएस (एक्स्ट्रा स्मॉल) मागवली.

लहान फ्रेमवर आणखी एक गोष्ट बघावी लागते. पॅडल आडवं ठेवून बार वळवा: बुटाचं टोक पुढच्या चाकाला घासतं का? हळू यू-टर्न घेताना हे होतं आणि नवखा माणूस तिथेच पडतो. थोडं घासणं लहान साइजमध्ये बऱ्याचदा असतंच, वेगात त्रास होत नाही, पण ते माहीत असलेलं बरं. एमटीबीवर हा अनुभव सहसा येत नाही.

४. टायरला जागा किती

इथे मी हट्टी आहे. २८ मिलिमीटरपेक्षा कमी टायर घेणारी फ्रेम आपल्या भागासाठी घेऊ नका, ३२ मावत असतील तर उत्तम. जुना समज असा की टायर जितका बारीक आणि कडक तितकी सायकल वेगवान. खडबडीत रस्त्यावर कडक टायर उसळतो आणि त्या उसळण्यात जोर वाया जातो. रेस करणारेही २३वरून २५वर आणि आता २८वर आले आहेत.

आपल्याकडे दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. ठाणे-बेलापूर रोडवरून जाताना काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधली फट नीट बघा. आडवी फट फक्त दणका देते. रस्त्याच्या दिशेने लांबीला जाणारी फट मात्र कुठे कुठे बोटभर रुंद असते, आणि २३-२५चा टायर तिच्यात उतरला की बार वळत नाही. उड्डाणपुलांवरचे लोखंडी सांधे आणि गटाराच्या उभ्या जाळ्या तशाच. एमटीबीवर तुम्ही यांच्यावरून बेफिकीर जाता. चाक रुंद असतं म्हणून ते चालतं.

दुकानात विचारायचा प्रश्न असा: "या फ्रेमला जास्तीत जास्त कितीचा टायर बसतो?" आत्ता कितीचा लावलाय, हा प्रश्न वेगळा. २५चा टायर लावलेली पण ३२ घेणारी फ्रेम चालेल. टायर झिजले की मोठे लावता येतील. सोबत मडगार्ड आणि कॅरिअरसाठी फ्रेमला छिद्रं आहेत का तेही बघा. जून ते सप्टेंबर सायकल कपाटात ठेवायची नसेल तर ती लागतात.

५. ब्रेक

रिम ब्रेक हलके, स्वस्त आणि कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यालाही दुरुस्त करता येणारे. पण भर पावसात ओली रिम आधी पुसली जाते, मग ब्रेक लागतो, आणि मधल्या वेळात येऊरच्या उतारावर बरंच अंतर जातं. शिवाय पावसाळी पाण्यातली बारीक वाळू रिमच खाते. रिम ब्रेकच्या फ्रेमला पुढे डिस्क लावता येत नाही आणि टायरची जागाही तिथे साधारण कमीच असते.

बजेटमध्ये बसत असेल तर डिस्क घ्या. पहिल्या बाईकला केबलवर चालणारे, म्हणजे मेकॅनिकल डिस्क पुरतात. हायड्रॉलिक अर्थातच छान, विशेषतः हात लहान असतील किंवा बोटांत जोर कमी असेल तर, पण किंमत बरीच वर जाते. कोरड्या दिवसांतच चालवणार असाल आणि चांगली रिम ब्रेकची बाईक स्वस्तात मिळत असेल, तर ती घ्यायला हरकत नाही. टायरची अट मात्र सोडू नका.

उजव्या हाताला पुढचा ब्रेक आहे की मागचा, हे आधी तपासा आणि तुमच्या एमटीबीसारखंच करून घ्या. हाताची सवय आयत्या वेळी विचारत नाही.

६. गिअर

एमटीबीला २१ किंवा २४ गिअर आणि रोड बाईकला १६, मग ही कमी दर्जाची कशी नाही, असा प्रश्न हमखास येतो. संख्येला अर्थ नाही. सगळ्यात हलका गिअर किती हलका, तेवढं बघा, कारण एमटीबीवाल्याला पहिला धक्का तिथेच बसतो.

हिशेब करून बघू. एमटीबीचा पुढचा लहान चेनरिंग (पॅडलजवळचं दातेरी चक्र) २४ दात्यांचा, मागचा मोठा ३४चा, चाक २६ इंची. मिनिटाला ६० पॅडल मारले तर वेग येतो ताशी सव्वापाच किलोमीटर. म्हणजे चढावर तुम्ही चालण्याच्या वेगाने, पण बसून, आरामात चढू शकता. रोड बाईकला पुढे ३४, मागे २८ असेल तर तेवढेच पॅडल मारून वेग नऊच्या वर राहतो. वाचायला छान वाटतं, पण चढावर त्याचा अर्थ असा की तेवढा वेग ठेवायची ताकद नसेल तर पॅडल जड होत होत गुडघ्यावर येतं. मागे ३४ दात्यांची कॅसेट असेल तर हाच आकडा पावणेआठच्या आसपास येतो.

म्हणून पुढे ५०-३४चा कॉम्पॅक्ट क्रँक आणि मागे निदान ११-३२ मागा, ११-३४ मिळाली तर सोडू नका. कॅसेट नंतर बदलता येते, पण मागचा डिरेलर (चेन सरकवून गिअर बदलणारा भाग) किती मोठा दाता पेलतो याला मर्यादा असते. ती घेतानाच विचारून ठेवा. पाम बीचवर यामुळे काहीच गमवावं लागत नाही. ५०-११वर मिनिटाला ९० पॅडल मारले तर वेग ताशी ५०च्या पुढे जातो, आणि सपाटीवर तेवढा वेग टिकवणारे थोडेच.

७. शिफ्टर आणि नावांची उतरंड

शिमानो कंपनीच्या रोड गिअरची चढती भाजणी अशी: क्लॅरिस (मागे ८ गिअर), सोरा (९), टियाग्रा (१०), १०५ (आधीचे ११, नवे १२). पहिल्या बाईकला क्लॅरिस पुरतं. दोन बाईकमध्ये एकीला सोरा आणि २५चे टायर, दुसरीला क्लॅरिस आणि ३२ मावणारी फ्रेम असेल, तर दुसरी घ्या.

एकच गोष्ट ठाम राहून तपासा: गिअर ब्रेकच्या लिव्हरमधूनच बदलतात ना? अगदी स्वस्त बाईकवर शिफ्टर बारच्या मधल्या सरळ भागावर किंवा स्टेमजवळ असतात. म्हणजे गिअर बदलायला हात ब्रेकवरून काढावा लागतो. कापूरबावडीच्या गर्दीत हे मला मान्य नाही. क्लॅरिस आणि त्यावरच्या गिअरमध्ये ब्रेकचा लिव्हरच आतल्या बाजूला ढकलला की एकीकडे आणि त्यामागची लहान पट्टी दाबली की दुसरीकडे गिअर बदलतो. एमटीबीच्या अंगठ्याच्या ट्रिगरची सवय मोडायला थोडा वेळ लागतो, एवढंच.

८. दुकानात चालवून बघताना

सायकलीचे नेहमीचे बूट घालून, स्वतःच्या पाण्याच्या बाटलीसह जा. दुकानाबाहेर दोन चकरा मारून काही कळत नाही. निदान पंधरा मिनिटं द्या म्हणून सांगा. ओळखपत्र किंवा अनामत ठेवून बरेच दुकानदार देतात. शक्यतो शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळा. आठवड्यातल्या दुपारी दुकानदाराला वेळ असतो.

निघण्याआधी सीट तुमच्या मापावर आणि टायरची हवा तुमच्या वजनाला योग्य करून घ्या. ठासून भरलेल्या हवेवर चांगली सायकलही दगडासारखी लागते. सत्तर किलोच्या माणसाला २८च्या टायरमध्ये ७० ते ८० पीएसआय पुरे.

चालवताना हे बघा. हूडवर हात असताना दोन बोटांनी ब्रेक नीट लागतो का? लागत नसेल तर लिव्हर जवळ आणायचा स्क्रू बहुतेक शिफ्टरमध्ये असतो, तो फिरवून मागा. कोपर थोडे वाकलेले राहतात का? बारच्या खालच्या वळणात, म्हणजे ड्रॉपमध्ये, हात नेल्यावर गुडघे पोटाला लागतात का? सगळे गिअर एकदा वर, एकदा खाली करा. एखादा स्पीडब्रेकर आणि थोडी खराब जागा मुद्दाम घ्या. पहिल्यांदा बसल्यावर सायकल घाबरी वाटेल, बार जरासा हलवला की चाक लगेच वळेल. एमटीबीवरून आलेल्या प्रत्येकाला ते वाटतं आणि लवकरच जातं. ते कारण धरून बाईक नाकारू नका.

ढुंगण दुखणं हेही बाईक नाकारायचं कारण नाही, सीट बदलते.

९. सेकंड हँड घेत असाल तर

ठाणे-नवी मुंबईत चांगल्या अवस्थेतल्या जुन्या रोड बाईक मिळतात, कारण उत्साहाने घेऊन जिन्यात ठेवलेल्या पुष्कळ असतात. दिवसा उजेडात बघा. सायकल उलटी करून क्रँकखाली कोरलेला फ्रेम नंबर मूळ बिलावरच्या नंबराशी ताडा. बिल नसेल आणि विकणारा टाळाटाळ करत असेल तर व्यवहार तिथेच थांबवा. चोरीची सायकल असण्याचा धोका नको.

चेन किती झिजली ते फूटपट्टीने मोजता येतं. एका पिनच्या मध्यापासून बारा इंचांवर पुन्हा पिनचाच मध्य यायला हवा. पिन एक षोडशांश इंचाने पुढे गेली असेल तर चेन बदलायची, एक अष्टमांशाने गेली असेल तर बहुधा कॅसेटही गेली. ते पैसे किमतीतून वजा करून मागा. अॅल्युमिनियमच्या फ्रेमला सांध्यांजवळ आणि हेड ट्यूबखाली केसासारखी भेग आहे का बघा. कार्बन फ्रेम पहिलीच आणि तीही जुनी घेणार असाल, तर जाणकार मेकॅनिकला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. फ्रेमची वॉरंटी बहुतेक कंपन्या फक्त पहिल्या मालकाला देतात, हेही किमतीत धरा.

१०. पैसे, वस्तू आणि कागद

अॅल्युमिनियम फ्रेम आणि क्लॅरिस असलेली नवी बाईक साधारण चाळीस ते पंचाहत्तर हजारांच्या दरम्यान मिळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. बिलावर तो तसाच लावलाय ना हे बघा. आणि ठरवलेल्या बजेटमधले दहा-पंधरा टक्के बाजूला ठेवूनच सायकल शोधा, कारण खालच्या गोष्टी लगेच लागतात:

- दाब दाखवणारा उभा पंप. रोड टायरमधली हवा लवकर उतरते, आठवड्यातून एकदा तरी भरावी लागते.
- प्रेस्टा व्हॉल्व्हच्या (बारीक, टोकाला छोटा नट असलेल्या) दोन ट्यूब आणि दोन टायर लिव्हर. व्हॉल्व्हची लांबी रिमच्या उंचीला पुरेल अशी घ्या. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे या ट्यूब सहसा नसतात.
- प्रेस्टाचं पितळी अॅडॉप्टर. दहा-वीस रुपयांची वस्तू, पण पेट्रोल पंपावर किंवा पंक्चरच्या दुकानात हवा भरायची तर हीच लागते.
- मल्टी टूल, सीटखालची पिशवी, छोटा हातपंप.
- पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा. पहाटे निघणाऱ्यांना तर हवेतच.

एमटीबीवरचं काय चालतं? हेल्मेट चालतं. पॅडल चालतात, कारण दोन्हीकडे साधारण ९/१६ इंची आटेच असतात. फक्त डावं पॅडल उलट्या दिशेने सुटतं हे लक्षात ठेवा. क्लीटवाले (तळाला पॅडलमध्ये अडकणारी पट्टी असलेले) एमटीबी बूट असतील तर त्यांचेच पॅडल इकडे लावा. रोडचे वेगळे बूट-पॅडल घ्यायलाच हवेत असं दुकानात सांगतात, तसं काही नाही. उलट एमटीबीच्या बुटात चहाच्या टपरीपर्यंत नीट चालता येतं. सवयीची सीटही बदलून लावता येते.

कागदांत: फ्रेम नंबर लिहिलेलं पक्कं बिल, शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड, मोफत सर्व्हिसची कुपनं. बिलावर फ्रेम नंबर बहुतेक वेळा लिहिलेला नसतो, तो समोर उभं राहून लिहून घ्या. पुढे चोरी झाली तर पोलीस तक्रारीला आणि विम्याला तोच लागतो. हप्त्यावर घेणार असाल तर आधार, पॅन आणि बँकेचा तपशील. घरी आणल्यावर सायकलचे आणि नंबराचे फोटो काढून स्वतःला पाठवून ठेवा. आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठेवणार असाल तर आधी सचिवांशी बोला. रोड बाईक जिन्यात किंवा पार्किंगमध्ये उघडी न ठेवता शक्यतो घरात, भिंतीवरच्या हुकाला टांगावी.

११. पहिला महिना

प्रेस्टा व्हॉल्व्हपासून सुरुवात करा. टोपी काढा, आतला छोटा नट डावीकडे शेवटपर्यंत सैल करा, बोटाने एकदा हलकेच दाबा. फुस्स आवाज आला की पंप लावायचा, भरून झालं की नट परत घट्ट. नट सैल न करता पंप दाबत राहिलं की हवा जात नाही, आणि रागाने ओढला की त्या व्हॉल्व्हचा दांडा वाकतो.

रस्त्यावर सगळ्यात आधी नजर बदला. एमटीबीवर खड्डा दिसला की थेट त्यावरून जायची सवय असते. रोड बाईकवर तसं केलं की ट्यूब रिम आणि खड्ड्याच्या कडेमध्ये चिमटून दोन समांतर भोकं पडतात. त्यामुळे बरंच पुढचं बघा आणि चुकवणं शक्य नसेल तर सीटवरून जरा उठा, कोपर आणि गुडघे सैल सोडा. हे तुम्हाला एमटीबीने शिकवलेलंच आहे आणि इथे नुसत्या रोडवाल्यांपेक्षा तुम्ही पुढे असता. लांबीच्या फटी आणि लोखंडी सांधे शक्य तितके काटकोनात ओलांडा. पावसात रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि मेट्रोच्या कामाच्या प्लेटांवर ब्रेक लावू नका, वळूही नका.

पहिले काही दिवस पाम बीच चांगला, पण पहाटे; वाशी ते बेलापूर गाड्या तिथे भन्नाट सुटतात आणि मोराज सर्कल, किल्ले जंक्शनच्या सिग्नलला डावीकडे वळणारे आरशात बघत नाहीत. येऊरला गेटवरचे वनखात्याचे नियम पाळा आणि उतरताना हात ड्रॉपमध्ये ठेवा, तिथून ब्रेक जास्त जोराने लागतो. अटल सेतूवर आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला परवानगी नाही. खोपोली-लोणावळ्याकडे जायचं ते जुन्या महामार्गाने.

तीन-चार आठवड्यांनी गिअर अडखळायला लागतील, चेन दोन दात्यांमध्ये कुरकुरेल. सायकल बिघडलेली नसते, नवी केबल ताणून बसलेली असते. त्यासाठीच पहिली मोफत सर्व्हिस असते, ती चुकवू नका. जाताना मेकॅनिकला चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढायला, आऱ्यांचा ताण बघायला आणि हेडसेट (बार वळतो तिथलं बेअरिंग) तपासायला सांगा. केबल नीट करून दिल्यावर समोरच दोन मिनिटं चालवून सगळे गिअर बदलून बघा, आणि मगच दुकानातून निघा.